गाभण मांजरीला विण्यासाठी घरात सुरक्षित जागा कशी तयार करावी?

मांजर विण्याच्या साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे ६३ ते ६५ दिवसांच्या गर्भकाळातला सातवा आठवडा संपता संपता, घरातल्या कमी वर्दळीच्या, अंधाऱ्या व उबदार कोपऱ्यात पुठ्ठ्याचे मोठे खोके मांडून ठेवावे, म्हणजे तिला जागेची सवय होते आणि ऐनवेळी ती कपाटातल्या साड्यांवर जाऊन बसत नाही. खोक्याची पुढची बाजू इतकीच कापावी की तिला सहज आत-बाहेर करता येईल, पण पिल्ले बाहेर घरंगळणार नाहीत. तळाशी वर्तमानपत्रांचे थर आणि वर धुतलेले जुने सुती लुगडे किंवा चादर घालावी. टर्किश टॉवेल नको, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात. ऊब सर्वांत महत्त्वाची, कारण नवजात पिल्लांना शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. एवढे करूनही ती दुसराच कोपरा निवडू शकते (पिल्लांना सात घरे फिरवण्याची तिची खोड प्रसिद्धच आहे), तेव्हा जागा धोक्याची नसेल तर तिला बळेच हलवू नये. मात्र अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.