गिटारला वायर नाही, मग सूर कुठून येतो?

प्रश्न : माझा मुलगा लातूरमध्ये गणेशोत्सवाच्या आणि लग्नाच्या कार्यक्रमांत कराओके ट्रॅक लावून गातो. साथीला माणसे नसताना गाणे म्हणजे श्रोत्यांची फसवणूक, असे माझे मत आहे. त्यावर त्याने मला साठच्या दशकातील इंग्रजी बँडच्या टीव्हीवरील जुन्या चित्रफिती दाखवल्या. त्यांपैकी एकीत गिटारला वायरच जोडलेली नव्हती, तरी गिटार वाजत होती. बीटल्ससारखे कलावंतसुद्धा टीव्हीवर नुसते ओठ हलवत होते काय?
– एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : आपल्या चिरंजिवांनी दाखवलेल्या चित्रफितीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार चार हातांवरही धड ऐकू येत नाही, त्यामुळे आपण ऐकलेला सूर तबकडीवरचाच होता. अमेरिकेतील ‘अमेरिकन बँडस्टँड’ या कार्यक्रमात तबकडी वाजे आणि गायक तिच्यावर ओठ हलवत. बीबीसीने 1 जानेवारी 1964 रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुरू केला, तेव्हा तेथेही हीच पद्धत होती. मात्र त्यात लपवाछपवी नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. त्या कार्यक्रमात तबकडी लावणारी तरुणी पडद्यावर दाखवली जात असे. ज्या तबकड्यांचा खप त्या आठवड्यात वाढला, त्याच ऐकवण्यासाठी तो कार्यक्रम होता आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक होते.

असे करण्यामागे तांत्रिक कारणेही होती. टीव्हीचा स्टुडिओ कॅमेरे आणि दिवे यांच्या सोयीने बांधलेला असे. ड्रमचा दणका गायकाच्या माइकमध्ये शिरे आणि इतके करून जो आवाज घरोघरी पोचे, तो टीव्हीच्या एका लहानशा स्पीकरमधून. शिवाय तबकडीवर एकाच गायकाचा आवाज पुष्कळदा दोनदा गाऊन एकावर एक चढवलेला असे. असा दुहेरी आवाज एकटा माणूस एका गळ्यातून कसा काढणार?

तरीही बीटल्स केवळ ओठ हलवत होते, असे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कमधील एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात त्यांनी पाच गाणी प्रत्यक्ष वाजवली आणि गायली, आणि ती सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिली. त्या रात्री बीटल्समधील गायक जॉन लेनन यांचा माइक इतका मंद ठेवला गेला होता की त्यांचा आवाज जेमतेम कानावर येतो. तबकडी लावली असती, तर हा दोष राहिलाच नसता. येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. 23 फेब्रुवारीला त्याच कार्यक्रमात बीटल्सची जी गाणी दाखवली गेली, ती 9 तारखेच्या दुपारीच दुसऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित करून ठेवलेली होती. ती आधी मुद्रित केलेली होती खरी, पण गळा आणि हात त्यांचेच होते. ‘आधी मुद्रित’ आणि ‘खोटे’ या दोन शब्दांचा अर्थ एक नाही, आणि या विषयावरचे बहुतेक वाद तेथेच अडकतात.

आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी ज्याचा संबंध आहे, ती घटना 1966 ची. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने, म्हणजे म्युझिशियन्स युनियनने, टीव्हीवर तबकडी लावून ओठ हलवण्याच्या प्रथेला बंदी घालायला लावली. वादकांची रोजीरोटी हे तिचे कारण होते. तबकडीनेच काम भागत असेल, तर व्हायोलिनवाल्याला आणि ट्रम्पेटवाल्याला बोलावणार कोण? त्यानंतर कलावंतांना प्रत्यक्ष गावे लागे, किंवा त्या कार्यक्रमासाठी साथ नव्याने मुद्रित करून घ्यावी लागे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’साठी जॉनी पिअर्सन यांच्या संचालनाखाली वाद्यवृंद बसू लागला. या नियमातून बीटल्सही सुटले नाहीत. नोव्हेंबर 1967 मध्ये ‘हॅलो, गुडबाय’ या गाण्यासाठी त्यांनी काढलेली फिल्म, तिच्यात तबकडीवर ओठ हलवलेले असल्यामुळे, बीबीसीला त्या कार्यक्रमात दाखवता आली नाही.

यातून जो मधला मार्ग निघाला, तोच आपले चिरंजीव आज चोखाळत आहेत. 4 सप्टेंबर 1968 रोजी ट्विकनहॅम येथील स्टुडिओत बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ या गाण्याचे चित्रण झाले, तेव्हा साथ मुद्रित होती आणि तिच्यावर त्यांच्यातील पॉल मॅकार्टनी प्रत्यक्ष गात होते. त्याआधी 25 जून 1967 रोजी उपग्रहाद्वारे अनेक देशांत एकाच वेळी दाखवल्या गेलेल्या ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात ‘ऑल यू नीड इज लव्ह’ सादर झाले. त्याची मूळ साथ 14 जूनलाच मुद्रित झालेली होती. मात्र लेनन यांचे गायन, बास, ड्रम, गिटारचा मधला तुकडा आणि 13 वादकांचा वृंद हे सर्व त्या क्षणी प्रत्यक्ष चालू होते. पुढे तबकडी काढताना लेनन यांनी गाण्याचा काही भाग पुन्हा गाऊन घेतला.

म्हणून ट्रॅकवर स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या मुलाला फसवा म्हणू नये, असे माझे मत आहे. मात्र आपल्या मनातली खंतही मला रास्त वाटते. तुळजापूरला गोंधळ ऐकताना कथा रंगात आली की संबळ आपोआप चढतो आणि गोंधळी एखाद्या ओळीवर रेंगाळला की तोही त्याच्यासाठी थांबतो. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. शिवाय 1966 मध्ये लंडनच्या वादकांनी विचारलेला प्रश्न आज आपल्या जिल्ह्यातील ढोलकीवाल्याचा आणि पेटीवाल्याचाही आहे. चिरंजिवांशी बोलायचेच असेल, तर फसवणुकीचा मुद्दा सोडून या मुद्द्यावर बोलावे, आणि निदान एका कार्यक्रमात ढोलकीवाल्याला मानधन देऊन साथीला बसवण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : जुनी चित्रफीत पाहताना गाणे प्रत्यक्ष चालू आहे की तबकडीवर, हे घरबसल्या कसे ओळखावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवावा. वायर जोडलेली असली तरी अ‍ॅम्प्लिफायर बंद असू शकतो, त्यामुळे वायर दिसणे हा पुरावा नव्हे. गाणे संपताना आवाज हळूहळू विरत गेला, तर ती बहुधा तबकडी समजावी, कारण प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना कुठेतरी थांबावेच लागते. गायक माइकपासून मान वळवतो तेव्हा आवाज दबतो का, कडव्याआधी श्वास ऐकू येतो का, हेही पाहावे. सगळ्यांत भक्कम पुरावा बदललेल्या शब्दांचा. 15 जानेवारी 1967 रोजी एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात रोलिंग स्टोन्स या इंग्रजी बँडला ‘लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर’ या गाण्यातील ‘रात्र’ हा शब्द गाळून त्याजागी ‘थोडा वेळ’ अशा अर्थाचे शब्द गायला सांगण्यात आले. बँडचे गायक मिक जॅगर यांनी तसे गायले, आणि ते शब्द बाजारात आलेल्या तबकडीवर नाहीत. त्या चित्रफितीत साथीविषयी शंका घ्यायची असेल तर घ्यावी, गळा मात्र त्याच क्षणीचा आहे.