स्पॅम दारावरच अडवायचा तर

प्रश्न : मस्जिद बंदरला आमचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस आहे. ४० मेलबॉक्स, पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर चालणारा स्वतःचा सर्व्हर. स्पॅमच्या ढिगाऱ्यात परवा डिलिव्हरी ऑर्डरचा, म्हणजे माल सोडवायच्या परवानगीचा, मेल कुणाला दिसलाच नाही, कंटेनर दोन दिवस बंदरात पडून राहिला. चालू सर्व्हरला धक्का न लावता पुढे फिल्टर बसवता येईल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : येईल. वेगळ्या मशीनवर (त्याला गेटवे म्हणू) पोस्टफिक्स, स्पॅम ओळखणारं आरस्पॅमडी आणि व्हायरससाठी क्लॅमएव्ही बसवा. क्लॅमएव्ही मेमरी खातं, तेव्हा ४ जीबी रॅम ठेवाच. मग डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद, या मशीनकडे वळवा. तिचा टीटीएल, म्हणजे बाकीच्यांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही बिघडलं तर लवकर मागे फिरता येतं. माणसांचे मेल पाठवायचा ५८७ आणि वाचायचा ९९३ हे पोर्ट आहेत तिथेच राहू द्या.

आता कळीची गोष्ट. तुमचे ४० पत्ते या गेटवेला माहीत हवेत. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी ही यादी द्यायची विसरले होते. गेटवे कुठल्याही नावाचा मेल घ्यायचा, आतला सर्व्हर नाकारायचा आणि परतीचे मेल निघायचे ते खोट्या पाठवणाऱ्यांच्या नावावर, म्हणजे भलत्याच निरपराध लोकांकडे. तिसऱ्या दिवशी आमचाच आयपी काळ्या यादीत गेला. त्या ऑफिसची बिलं गिऱ्हाइकांपर्यंत पोचेनात. ते मला अजून लागतं. म्हणून पोस्टफिक्समधली ही पत्त्यांची यादी, `रिले_रेसिपिएंट_मॅप्स`, आधी भरा, बाकी सगळं नंतर.

आतल्या सर्व्हरला एवढाच हात लावावा लागेल : फायरवॉलमध्ये पोर्ट २५, जिथे सर्व्हर एकमेकांचे मेल घेतात, फक्त गेटवेच्या आयपीला उघडा. नाहीतर जुना पत्ता ठाऊक असलेले स्पॅमर मागच्या दाराने येत राहतील. एसपीएफची तपासणीही, म्हणजे पाठवणाऱ्या आयपीला त्या डोमेनची परवानगी आहे का हे पाहणं, आत बंद करा, कारण आता प्रत्येक मेल गेटवेच्याच आयपीवरून येणार.

गेटवेवर स्वतःचा अनबाउंड, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधणारा प्रोग्राम, चालवा. गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं तर स्पॅमहाउसची स्पॅमरांची यादी नीट उत्तर देत नाही.

आरस्पॅमडी प्रत्येक मेलला स्पॅमचे गुण देतं; मुळात ६ गुणांना ‘स्पॅम’चा शिक्का मारतं, १५ ला नाकारतं. पहिले दोन आठवडे नाकारणं बंद ठेवा, नुसता शिक्का मारू द्या. रोज सकाळी लॉग उघडा, शिपिंग लाइनचा एखादा मेल शिक्का बसलेला सापडला तर तो पाठवणारा मोकळ्या यादीत घाला. ग्रेलिस्टिंग संशयित मेलला ४५१, म्हणजे ‘आत्ता नाही’, सांगून थोड्या वेळाने परत बोलावतं. डिलिव्हरी ऑर्डर पाठवणाऱ्यांना त्यातूनही वगळा.

एमएक्स वळवण्याआधी बाहेरच्या एखाद्या मशीनवरून थेट गेटवेच्या पोर्ट २५ ला जोडून नसलेल्या नावाचा मेल द्या. लॉगमध्ये ५५० (कायमचा नकार) आणि ‘युजर अननोन इन रिले रेसिपिएंट टेबल’ दिसलं, तरच वळवा.