मायक्रोस्कोपखाली गोल दिसणाऱ्या सेल्स मेलेल्या असतात का?

तुम्ही विचारलंय की सेल कल्चर नुकतंच शिकायला घेतलंय, हेला सेल्सच्या (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर सेल्स) फ्लास्कमध्ये मधूनमधून गोल चकचकीत सेल्स दिसतात, त्या मेल्यात का आणि फ्लास्क टाकून द्यायचा का. टाकू नका. मी शिकत असताना असाच एक फ्लास्क टाकला होता, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सीनियरने तिच्या फ्लास्कमधल्या अगदी तशाच सेल्स दाखवून सांगितलं की अगं या मरत नाहीयेत, डिव्हाइड होतायत. अजून वाईट वाटतं त्याचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तळाला चिकटून वाढणारी सेल डिव्हाइड व्हायच्या वेळी आपली पकड सैल करते आणि पसरलेली असते ती आवळून चेंडूसारखी गोल होते, गोल झाली की जाडी वाढते आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये (पारदर्शक सेल्स उठून दिसाव्यात म्हणून मायक्रोस्कोपमध्ये केलेली सोय) तिच्याभोवती पांढरी झगझगीत कडा दिसायला लागते. हेलाची पूर्ण सायकल धरा साधारण 24 तासांची, त्यातला मायटोसिस (प्रत्यक्ष डिव्हाइड व्हायचा टप्पा) तासभराचा, म्हणजे चांगल्या वाढणाऱ्या फ्लास्कमध्ये कुठल्याही क्षणी शंभरात तीन-चार सेल्स गोल असणारच. उलट दोन दिवसांच्या फ्लास्कमध्ये अशी एकही सेल दिसली नाही तर मला काळजी वाटते. जास्त मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हवर (सेल्सच्या बाजूचं भिंग) जाऊन हळूहळू फोकस करा, काही गोल सेल्सच्या मधोमध एक काळसर रेघ दिसेल, ते रांगेत उभे राहिलेले क्रोमोसोम्स. पहिल्यांदा दिसतं ना तेव्हा डोळा काढवत नाही आयपीसवरून.

मेलेली सेल वेगळी दिसते. आकसलेली, कडा वेडीवाकडी, आत दाणेदार, कधी बाजूने बुडबुडे आलेले, आणि मुख्य म्हणजे बहुतेकदा सुटून तरंगत असते. फ्लास्क हलकेच इकडून तिकडे कलवा, मेलेल्या सेल्स मीडियाबरोबर (सेल्स ज्यात वाढतात तो द्रव) वाहतील, डिव्हाइड होणाऱ्या जागेवर राहतील. पण आपटू नका हं, त्यांची पकड आधीच सैल असते, जोरात टिचकी मारली तर त्याही सुटतात (डिव्हाइड होणाऱ्या सेल्स वेगळ्या काढायला हीच गोष्ट मुद्दाम वापरतात).

आता यातलं काहीच नीट दिसत नसेल तर आधी मायक्रोस्कोप तपासा. जिवंत सेल जवळपास पारदर्शक असते, साध्या उजेडात ती पाण्यातल्या काचेसारखी हरवते, त्यासाठीच फेज कॉन्ट्रास्ट आलं आणि ते शोधणाऱ्या झर्निकेंना 1953 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. पण ऑब्जेक्टिव्ह बदलला आणि कंडेन्सरमधली (सेल्सवर उजेड एकवटणारा भाग) रिंग त्याच्या जोडीची नसली की सगळं फिकट सपाट दिसतं, आणि नवीन माणूस समजतो सेल्सच खराब झाल्या. छोट्या वेल्सच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेला मीडियाचा पृष्ठभाग वाकलेला असतो, तिथे फेज बिघडतोच, म्हणून वेलच्या मध्यावर बघून मत बनवा.

तरीही शंका राहिली तर ट्रायपॅन ब्लू हा रंग वापरा. ट्रिप्सिनने (तळाला चिकटलेल्या सेल्स सुट्या करणारं एन्झाइम) सोडवलेल्या सेल्समधल्या थोड्या घ्या, तेवढाच 0.4 टक्के ट्रायपॅन ब्लू मिसळा, हिमोसायटोमीटरवर (सेल्स मोजायची चौकोन आखलेली काच) घाला आणि पाचेक मिनिटांच्या आत मोजा, उशीर केला तर रंगानेच चांगल्या सेल्सही मरायला लागतात आणि आकडा चुकतो. जिवंत सेलची मेंब्रेन रंग आत घेत नाही, मेलेली निळी होते. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांची सरासरी गुणिले 2 गुणिले 10,000, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये किती ते आलं. ट्रिप्सिननंतर सगळ्याच सेल्स गोल होतात हे लक्षात ठेवा, तिथे आकारावरून काही ठरवायचं नाही.

आणि सेल्सच्या मधल्या जागेतही बघत जा, तिथे कल्चरची खरी बातमी असते. बारीक कण जागच्या जागी थरथरत असतील तर बहुधा कचराच, पण ते अंतर कापत फिरत असतील आणि मीडिया रात्रीत गढूळ आणि पिवळा झाला असेल तर बॅक्टेरिया. मण्यांच्या माळेसारखं दिसलं, मण्याला छोटा मणी फुटलेला असला, तर यीस्ट. धागे म्हणजे बुरशी. नुसता पिवळा रंग मात्र पुरावा नाही, सेल्स दाट झाल्या की त्यांच्याच ॲसिडने फिनॉल रेड (मीडियात घातलेला, ॲसिड वाढलं की बदलणारा रंग) पिवळा पडतो, आणि फ्लास्क इनक्युबेटरबाहेर जास्त वेळ राहिला तर सीओटू उडून जांभळट होतो. सगळ्यात फसवा मायकोप्लाझ्मा, तो इतका छोटा की साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही, मीडिया स्वच्छ राहतो, सेलवॉल नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग होत नाही, फक्त सेल्स कुरकुरत हळू वाढतात. तिथे डोळ्यावर विश्वास ठेवू नका, पीसीआर (डीएनए ओळखायची चाचणी) करा किंवा हेक्स्ट नावाच्या रंगाने डीएनए रंगवून फ्लुरोसन्सखाली बघा.

तुमच्या फ्लास्कचं म्हणाल तर आज तळावर पेनने एक छोटी खूण करा, त्या खुणेजवळच्या दोन-तीन गोल सेल्स हेरा, फ्लास्क परत 37 डिग्रीला ठेवा आणि दोनेक तासांनी तिथेच बघा. त्यांच्या जागी शेजारी शेजारी दोन-दोन सेल्स पसरायला लागलेल्या दिसल्या तर समजा सगळं छान चाललंय.