वचन तोंडपाठ, पण शेजारी बसू देत नाही

प्रिय ताई,
आम्ही नगरला राहतो. माझा मुलगा १० वर्षांचा आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये बायबलच्या वचन पाठांतरात तो दर वर्षी पहिला येतो. दहा आज्ञा, डोंगरावरचं प्रवचन, सगळं तोंडपाठ. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं पोरगं हल्ली त्या वर्गात यायला लागलंय. आमच्या मुलानं त्याला "तू मागं सतरंजीवर बस, तुझ्या कपड्यांना वास येतो" म्हणून बाकावरून उठवलं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' हे मी त्याच्याकडून १०० वेळा लिहून घेतलं. आता तो संडे स्कूलला जायचंच नाही म्हणतो. मिस्टर म्हणतात, दोन फटके दे, शास्त्रातच छडी सांगितलीय. सासूबाई म्हणतात, लेकरू आहे, सोडून दे. आमचे आजेसासरे मिशनच्या बोर्डिंगात शिकून मास्तर झाले. अशा घरातलं मूल असं वागतं! कोणती वचनं शिकवू म्हणजे हा सुधारेल?
— एक आई

जय ख्रिस्त, ताई.

नवीन वचन एकही शिकवू नका. त्याला येतात तेवढी पुष्कळ आहेत. आणि ते १०० वेळा लिहून घेणं आजपासून बंद. शिक्षा म्हणून लिहिलेलं वचन पुढं कधीही कानावर पडलं, की त्याला दुखरा हात आणि तुमचा चढलेला आवाजच आठवणार. मिस्टरांना छडीचं नीतिसूत्र पाठ आहे, तर त्यांना बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्यायही काढून द्या. मुलांना चिरडीस आणू नका, असं ते पत्र लिहिणारा पौल तिथं सांगतो, आणि ते बापांना नाव घेऊन सांगतो. फटके खाऊन तुमचा मुलगा गप्प होईल. पण त्या दुसऱ्या मुलाला बाकावर सरकून जागा देईल, असं मला वाटत नाही.

सासूबाईंचं 'सोडून दे'ही मला पटत नाही. जे झालं ते लहान नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात अगदी हाच प्रसंग आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो. पहिल्याला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला म्हणतात, तू उभा राहा, नाहीतर इथं खाली बस. सतरंजीसुद्धा जवळजवळ तीच!

आता तुमच्या मुलाकडं बघू. आज्ञा म्हणजे उभं राहून न अडखळता म्हणायची गोष्ट, असं त्याला वाटतं, कारण बक्षीस त्याचंच मिळत आलंय. तुम्ही त्याला लिहायला लावलेलं वाक्य बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातलं आहे, १८वं वचन. तो अध्याय आज रात्री तुम्ही एकट्यानं सगळा वाचा. त्या वाक्याच्या आधी काय काय आहे बघा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडं ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. आणि पुढं, पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. ही सगळी हातापायांनी करायची कामं आहेत. १० वर्षांच्या मुलाला 'प्रीती कर' कळत नाही, पण 'उठून जागा दे' नक्की कळतं.

म्हणून त्याला कामं द्या. घरी कामाला मावशी येत असतील, तर त्यांचा पगार ठरल्या तारखेला त्याच्या हातून द्या. "घ्या मावशी" म्हणून द्यायचा, टेबलावर ठेवून निघून जायचं नाही. गेटवरच्या माणसाला काका म्हणायचं. आणि इथं मला तुम्हाला थोडं टोचणारं विचारायचं आहे. तुमच्या पत्रात त्या मुलाचं नाव कुठंच नाही. तो 'वॉचमनचं पोरगं' आहे. घरात जेवताना त्या कुटुंबाचा विषय निघतो तेव्हा काय शब्द वापरले जातात? आपण मावशींना चहा वेगळ्या कपात देतो का? मुलं हे बघतात आणि वर्गात जाऊन तसंच करतात. आधी त्याचं नाव विचारून घ्या.

मग माफी. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशूनं क्रम स्पष्ट सांगितलाय. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तेव्हा या रविवारच्या आत त्याला खाली घेऊन जा. तुम्ही बरोबर उभ्या राहा, पण त्याच्या वतीनं बोलू नका. "मी तुला उठवलं ते चुकलं. रविवारी माझ्याशेजारी बस." एवढं पुरे. समोरचा मुलगा 'असू दे' म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. माफ करायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं, त्याच्यावर घाई नको. आणि कृपा करून बरोबर जुन्या कपड्यांची पिशवी नेऊ नका. कपड्यांवरूनच त्याचा अपमान झालाय.

सगळ्यात मोठं काम मात्र सासूबाईंकडं आहे. लेवीयच्या त्याच अध्यायात परक्याला आपल्यातलाच समजा असं सांगताना देव कारणही देतो: तुम्हीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. आपलं मिसर नगर जिल्ह्यातच होतं, ताई. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं, आणि पुढं इथल्या मंडळ्यांत जी कुटुंबं आली त्यांतली बरीचशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली होती. सार्वजनिक विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. शाळेत घेतलं तरी पोरांना बाहेर ओट्यावर बसवत. आजेसासरे मास्तर झाले हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत. ते बोर्डिंगात का गेले, गावच्या शाळेत कुठं बसत होते, घरापासून लांब राहताना त्यांना कोणी जवळ केलं, हे सासूबाईंना विचारा, आणि त्यांनाच नातवाला सांगू द्या. रात्री झोपताना, आपल्या शब्दांत. शेवटी 'म्हणून तू असं वागू नकोस' हे जोडू नका. मुलगा हुशार आहे, सतरंजी त्याची त्याला आठवेल.

राहिलं संडे स्कूलचं. तो अभ्यासाला कंटाळून 'जाणार नाही' म्हणत नाहीये. सगळ्यांना कळलंय म्हणून त्याला तोंड दाखवायची लाज वाटतेय, आणि ती लाज चांगली आहे. बाईंना आधी फोन करून सांगा की वर्गात हा विषय काढू नका, दोघांना उभं करून हात मिळवायला लावू नका. पाठांतराच्या स्पर्धेतून यंदा त्याला काढायचीही गरज नाही. या रविवारी १० मिनिटं आधी त्याला पोहोचवा, म्हणजे बाकावर दोघांची जागा धरता येईल.