हिवतापाच्या जंतूचं प्रथिन हाती का लागत नाही?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. पावसाळा लागला की एखादं तरी मूल तापाने फणफणलेलं असतं. आशाताई येतात, बोटाला टोचून पट्टीवर तपासतात. मलेरियाच्या जंतूंपैकी व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्वीन, फाल्सिपॅरम निघाला तर वेगळ्या गोळ्या. परवा वर्गात मी सांगितलं की आता संगणक प्रथिनांचा आकार काढून देतो आणि त्याला नोबेलही मिळालं. आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मग मलेरियावर अजून शोध कशाला चालू आहे?" तिला काय उत्तर देऊ?

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी माझ्या टेबलासमोर लिहून चिकटवला आहे. गेली पंधरा वर्षं मी परजीवींच्या प्रथिनांचे आकार शोधते आहे, म्हणून या उत्तराला जरा जास्त जागा घेते.

तुमच्या त्या दोन वेगवेगळ्या गोळ्यांपासूनच सुरुवात करू. फाल्सिपॅरम आपल्या लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. खाताना जे हीम, म्हणजे त्यातला लोहाचा भाग, सुटतं ते त्याच्यासाठी विष असतं. म्हणून तो पोटातल्या एका आंबट पिशवीत त्याचे निरुपद्रवी खडे करून ठेवतो. क्लोरोक्वीन नेमकं तेच होऊ देत नाही आणि जंतू स्वतःच्याच जेवणाने मरतो. पण 1973 मध्ये आसाममध्ये क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपॅरम सापडला आणि पुढे तो देशभर पसरला. म्हणून तुमच्या आशाताईंच्या पिशवीत दोन वेगळी पाकिटं असतात.

औषध निकामी होतं ते त्या पिशवीच्या पटलात बसलेल्या एका प्रथिनामुळे. त्याचं नाव पीएफसीआरटी. 424 अमिनो आम्लांची माळ. त्यातला 76 व्या जागेचा लायसीन जाऊन तिथे थ्रिओनीन आला की क्लोरोक्वीन पिशवीतून बाहेर जाऊ लागतं. हे जनुक 2000 साली कळलं. प्रथिनाचा आकार दिसला 2019 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाला. मधली एकोणीस वर्षं कोणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं.

अडचण कुठे होती ते सांगते. हे प्रथिन पटलात, म्हणजे चरबीत रुतलेलं असतं. नुसत्या पाण्यात काढलं की त्याचा गुठळा होतो. शिवाय ते लहान आहे. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत प्रथिनांचा पातळ थर झटक्यात गोठवून हजारो-लाखो कणांची चित्रं घेतात आणि ती एकमेकांवर जुळवून आकार काढतात. पण लहान कणाचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हेच चित्रात कळत नाही. त्या गटाने चरबीची इवलीशी चकती करून प्रथिन तिच्यात बसवलं आणि त्याला अँटिबॉडीचा एक तुकडा जोडला. त्या तुकड्याच्या खुणेने प्रत्येक कणाची दिशा ओळखता आली. चित्र 3.2 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झालं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रथिनाच्या मधोमध एक पोकळी दिसली, आतून ऋण प्रभार असलेली. आंबट पिशवीत क्लोरोक्वीनवर धन प्रभार असतो. 76 व्या जागेचा लायसीनही धन प्रभाराचा, म्हणजे तो दारातला पहारेकरी. तो गेला की औषधाला बाहेरची वाट मोकळी. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता संगणकाबद्दल. प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीला 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, डेव्हिड बेकर यांच्यासोबत डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. ते योग्यच झालं. मी रोज ते वापरते. पण ते शिकलं कशावर? माणसांनी पन्नास वर्षं खपून काढलेल्या आकारांवर. आणि ते टेकतं कशावर? एकाच प्रथिनाची वेगवेगळ्या सजीवांतली भावंडं शेजारी मांडून पाहण्यावर. फाल्सिपॅरमच्या जनुकांचा पूर्ण संच 2002 मध्ये वाचून झाला, तेव्हा सुमारे 5,300 जनुकांपैकी साठेक टक्के जनुकांचं काम काय हे सांगता येत नव्हतं, कारण त्यांच्याशी जुळणारं ओळखीचं काही सापडतच नव्हतं. अशा एकट्या प्रथिनांपाशी अल्फाफोल्डही चाचपडतं. शिवाय या जंतूच्या प्रथिनांत मध्येच एकट्या अ‍ॅस्परॅजीनच्या लांबलचक ओळी येतात. अल्फाफोल्डच्या चित्रात खात्रीचा भाग निळा आणि बिनखात्रीचा नारिंगी असतो. फाल्सिपॅरमची किती तरी प्रथिनं उघडून पाहिली की मध्ये छोटासा निळा गाभा आणि भोवती नारिंगी शेवयांचा पसारा दिसतो. मुलीला हे शाळेच्या संगणकावर नक्की दाखवा, ते फुकट पाहता येतं.

आणि मुख्य म्हणजे, 76 व्या जागेच्या एका बदलाने औषध का चालेनासं झालं, ते अल्फाफोल्डच्या चित्रातून कळत नाही. एका अमिनो आम्लाचा परिणाम सांगण्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्यासाठी प्रथिन हातात घ्यावं लागतं.

हातात घेणं म्हणजे काय ते माझ्या पीएच.डी.च्या कामातून सांगते. परजीवीचं एक जनुक घेऊन मी ते ई. कोलाय या जिवाणूत घातलं. त्याच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं ही नेहमीची रीत. पण फाल्सिपॅरमच्या जनुकसंचात डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी हीच सुमारे 80 टक्के असतात. त्याच्या रोजच्या वापरातले शब्द ई. कोलायला क्वचितच लागतात, त्यामुळे वाचताना तो अडखळतो, अर्ध्यावर सोडतो. मी ते जनुक ई. कोलायच्या शब्दांत नव्याने लिहून बनवून घेतलं. या वेळी प्रथिन भरपूर तयार झालं. पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा गोळा बसला होता. जेल लावून, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून, निळ्या रंगात बुडवलं. सुपरनेटंटच्या (वरच्या पाण्याच्या) रांगेत काही नाही, पेलेटच्या (तळाच्या गोळ्याच्या) रांगेत माझ्या प्रथिनाचा जाडजूड निळा पट्टा. म्हणजे ते बनलं होतं, पण नीट दुमडलं नव्हतं, एकमेकांना चिकटून निरुपयोगी झालं होतं. तापमान 37 वरून 16 अंशांवर आणलं, पुढचा-मागचा भाग छाटून पाहिला, मदतनीस प्रथिनं सोबत घातली. अकरा महिने तो पट्टा पेलेटमध्येच राहिला.

हे माझ्या एकटीचं नव्हतं. सिएटलच्या एका मोठ्या प्रकल्पाने फाल्सिपॅरमची 1,000 जनुकं ई. कोलायमध्ये घालून पाहिली. 337 बनली. पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत मिळाली ती 63. ते 2006 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आमच्या गाइडबाईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "बघा, त्रेसष्ट."

कीटकांच्या किंवा माणसाच्या पेशींत प्रथिन बनवावं, तर त्या पेशी त्याच्यावर साखरेच्या साखळ्या चढवतात. हा जंतू स्वतः तशा साखळ्या जवळपास लावतच नाही. मग साखर चिकटण्याच्या जागा एकेक करून बदलाव्या लागतात.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो दुसरा मार्ग, प्रथिन परजीवीकडूनच घेण्याचा. लाल पेशीत बसलेला जंतू स्वतःभोवतीच्या पटलात एक यंत्र रोवतो आणि त्यातून शेकडो प्रथिनं आपल्या पेशीत ढकलतो. त्या यंत्राला पीटेक्स म्हणतात. अमेरिकेतल्या एका गटाने क्रिस्पर ही जनुकात हवा तिथे बदल करण्याची पद्धत वापरून परजीवीच्याच जनुकात एक खूण जोडली, रक्तात जंतू वाढवले आणि खुणेला धरून यंत्र अख्खं बाहेर ओढलं. 2018 मध्ये त्याचा आकार प्रसिद्ध झाला. खाली सात घटकांची नळी, वर सहा घटकांची मोटर. तुमच्या वर्गात तापाने कण्हणाऱ्या मुलाच्या रक्तात हे यंत्र त्या क्षणी चालू असतं. ते बंद पाडणारं औषध अजून रुग्णांसाठी नाही. तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

प्रश्न : शाळेत तुरटीचे स्फटिक केले होते. प्रथिनाचे स्फटिकही तसेच होतात का? (रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, तत्त्व तेच, पाणी हळूहळू काढून घ्यायचं. पण तुरटी शहाणी असते. प्रथिनाच्या स्फटिकात जवळपास निम्मं पाणीच असतं, त्यामुळे तो जेलीसारखा नाजूक. आम्ही 96 खणांच्या ताटलीत प्रत्येक खणात वेगळं मीठ, वेगळी आम्लता ठेवून इवलासा थेंब लावतो आणि रोज सूक्ष्मदर्शीखाली बघतो. चमकणारं काही दिसलं की काळजात धस्स होतं, कारण बहुतेक वेळा ते मीठच निघतं. बारीक सुईने दाबून बघायचं. कट्ट आवाज जाणवला तर मीठ, लोण्यासारखा दबून फुटला तर प्रथिन. आणि फुटला म्हणजे तो गेलाच. चांगला स्फटिक मिळाला की बारीक फासात उचलून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. मग त्यावर प्रखर क्ष-किरण टाकून आकार काढायचा. एकदा त्यासाठी आमचा डबा फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जाताना वाटेत कागदपत्रांसाठी अडकला आणि नायट्रोजन संपला. दीड वर्षाचे स्फटिक पोहोचले तेव्हा तिथे फक्त पांढुरके ठिपके होते. तेव्हापासून मी दोन डबे वेगवेगळ्या दिवशी पाठवते.

प्रश्न : हे काम भारतात राहून करता येतं का? (इंदूरहून बी.एस्सी.चा विद्यार्थी)

उत्तर : तू तर इंदूरलाच आहेस! तुझ्याच गावातल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे असे प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, आहे आणि त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी किरणरेषा आहे. जगातला कुणीही प्रथिनाचा आकार प्रसिद्ध करण्याआधी ज्या आलेखावर तो तपासतो, तो मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये दिला. दिल्लीच्या आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान संस्थेतल्या गटाने मलेरियाच्या परजीवीचं लायसिल-टीआरएनए सिंथेटेज हे (प्रथिनं बनवण्याच्या कामात लागणारं) प्रथिन आणि त्याला अडवणारं बुरशीतलं क्लॅडोस्पोरिन, दोन्ही एकत्र कसे बसतात त्याचा आकार काढला आहे. पहिल्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेला ईमेल कर आणि एकच मागणी कर, "मला जेल लावायला शिकवा." पेलेटची रांग आणि सुपरनेटंटची रांग शेजारी-शेजारी लाव.