व्हाळावरचं टर्बाइन: तज्ज्ञाकडून कसं तपासून घ्यावं?

बागेतल्या व्हाळावर (ओढ्यावर) स्वतःच्या रचनेचं टर्बाइन चालेल का, हे विचारायला जाण्याआधी दोन मापं हातात हवीत: पाण्याची पडण्याची उंची आणि प्रवाह. 20 लिटरची बादली 2 सेकंदांत भरली, तर सेकंदाला 10 लिटर. उंची 3 मीटर असेल तर पाण्याची शक्ती 10 × 3 × 9.8 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), म्हणजे 294 वॅट. घरी बनवलेल्या यंत्राला त्यातले निम्मे मिळाले तरी पुष्कळ. एप्रिलमध्येही मोजाच, जुलैचा व्हाळ फसवतो.

मग फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या प्राध्यापकांना आकृतीसह एक पान द्या. ‘चालेल का?’ असं मोघम नको. ‘या पात्यांची कार्यक्षमता किती येईल?’ असं नेमकं विचारा. रचना नवी वाटत असेल तर दाखवण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज करा. पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो.