ओपनव्हीपीएन, आयकेईव्ही२ आणि वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलांपैकी वेगवान आणि सुरक्षित कोणतं? टीसीपीवर चालवलेलं व्हीपीएन जास्त भरवशाचं असतं का?

वायरगार्ड घ्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र डोकं फिरलं. टीसीपी हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवतं, यूडीपी एकदा पाठवून मोकळं होतं; म्हणून 'टीसीपी भरवशाचं' हे वाक्य माझ्या एका जुन्या साहेबांचं. घरून काम करणाऱ्या सगळ्यांना त्यांनी ओपनव्हीपीएनवर टाकलं, तेही टीसीपी ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएस वेबसाइटांच्या पोर्टवर. कारण काय, तर यूडीपीत पॅकेट हरवतात! व्हिडिओ कॉल अडकायचे, रिमोट डेस्कटॉपवर टाइप केलेलं अक्षर दम खाऊन उमटायचं. साहेबांनी जास्त वेगाची लाइन घेतली. ढिम्म फरक नाही.

मग मी एका खिडकीत सर्व्हरच्या पब्लिक आयपीला पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारं) लावलं, दुसरीत टनेलच्या, म्हणजे व्हीपीएन जोडणीच्या, आतून, आणि एक मोठी फाइल कॉपीला टाकली. बाहेरचं पिंग ४० मिलिसेकंदांच्या आसपास, अधूनमधून एखादं पॅकेट गळायचं. आतलं पिंग ४०, ४२, मग एकदम ९००, मग २३००, पुन्हा ४०. पण हरवलेलं पॅकेट एकही नाही. साहेब खूश: "बघ, लॉस शून्य!"

अहो, शून्य दिसणारच. बाहेरचं, म्हणजे टनेल वाहणारं, टीसीपी गळालेलं पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं अडवून धरतं. तेवढ्यात आतल्या, म्हणजे फाइल कॉपीच्या, टीसीपीला वाटतं की आपलंच पॅकेट गेलं, म्हणून तेही पुन्हा पाठवतं. अडकलेल्या लाइनवर आणखी भर. व्हिडिओ कॉलला तर हरवलेली फ्रेम उशिरा मिळून काडीचा उपयोग नसतो. सर्व्हरवर आणि क्लायंटवर सेटिंगच्या फाइलमध्ये 'प्रोटो टीसीपी'चं 'प्रोटो यूडीपी' केलं आणि तक्रारी थांबल्या. साहेबांच्या रिपोर्टमध्ये श्रेय नव्या लाइनला.

म्हणून नुसत्या नावांची तुलना करू नका. ओपनव्हीपीएन मुळात संथ, कारण प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) बाहेर येऊन परत आत जातं. डेटाचं काम कर्नलमध्येच करणाऱ्या डीसीओ मॉड्यूलने ते दुखणं बरंच कमी होतं. वायरगार्ड २०२० पासून, म्हणजे ५.६ पासून, लिनक्स कर्नलमध्येच आहे. आयकेईव्ही२ चा डेटा आयपीसेकमधून जातो आणि तेही कर्नलमध्येच चालतं, त्यामुळे एईएस या सायफरची (एन्क्रिप्शनच्या पद्धतीची) सोय असलेल्या प्रोसेसरवर ते वायरगार्डच्या तोडीस तोड पळतं. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी मोबाइक (आयपी बदलला तरी जोडणी टिकवणारी आयकेईव्ही२ ची सोय) असेल तर टनेल तुटत नाही, आणि बऱ्याच फोनांत वेगळं ॲपही लागत नाही. वायरगार्डही असा बदल निमूट पचवतं.

सुरक्षिततेत तिन्ही चांगली, नीट लावली तर. साहेबांना 'एईएस-२५६' हा आकडा फार प्रिय. वायरगार्डमध्ये एईएस नाही म्हणून ते खेळणं! वायरगार्डच्या चाचा२० सायफरची किल्लीही २५६ बिटांचीच असते हे त्यांनी कधी ऐकूनच घेतलं नाही. उलट वायरगार्डचा मूळ कोड साधारण ४,००० ओळींचा, म्हणजे एखादा माणूस बसून वाचू शकतो. शिवाय सायफर निवडायची मुभाच नाही, त्यामुळे कोणी जुनापुराणा सायफर चालू ठेवू शकत नाही. पीपीटीपी या जुन्या व्हीपीएन प्रोटोकॉलचं नावही काढू नका, त्याची लॉगिन पद्धत एमएस-चॅप व्ही२ २०१२ मध्येच एका डीईएस (जुना, कमकुवत सायफर) किल्लीच्या ताकदीवर आणून ठेवली गेली. आणि एकच प्रोफाइल (किल्ल्या आणि सेटिंग असलेली फाइल) सगळ्या स्टाफला ईमेल करणार असाल तर प्रोटोकॉल कोणताही घ्या, काय फरक पडतो?

हां, दोन गोष्टी राहिल्या. वायरगार्डचा सर्व्हर प्रत्येक पीअरचा (जोडलेल्या उपकरणाचा) शेवटचा आयपी मेमरीत ठेवतो; स्वतःच्या सर्व्हरवर हरकत नाही, विकतची सेवा घेताना ती याचं काय करते ते विचारा. आणि ते फक्त यूडीपीवर चालतं. काही नेटवर्कवर यूडीपी बंद असतं, तिथे ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ कामी येतं, म्हणून ते दुसरं प्रोफाइल करून ठेवा. साहेबांनी निदान हे कारण दिलं असतं तर मी वाद घातलाच नसता.